दोन-आठची दाढ आणि महिनाभर मुकी शिट्टी

गौरी जेवणाचा दिवस, ११ सप्टेंबर २०२४. पुरणपोळीचा दुसरा घास डाव्या बाजूला गेला आणि कानापासून डोळ्याखालपर्यंत अशी कळ गेली की हातातली पोळी ताटात तशीच राहिली. घरात पाहुणे, पंगतीला सवाष्णी बसलेल्या, आणि मी ओट्यापाशी लवंग दाताखाली धरून उभी. सासूबाई आत आल्या, माझं तोंड बघूनच समजल्या.

"दाढ न्हवं? वरची का खालची?"

मी वर बोट दाखवलं.

"मग काढू नगो बाई. डोळ्याची शीर तिथनंच जाती."

हे वाक्य त्यानंतरचे साडेतीन महिने मला कुणी ना कुणी ऐकवत राहिलं. एसटीतल्या शेजारणीनं, शाळेतल्या शिपायानं, माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवते. मुलींचा खो-खो संघ माझ्याकडे आहे. सकाळी सातपासून गळ्यात शिट्टी असते, आणि या गोष्टीत त्या शिट्टीलाही काम आहे. वरची अक्कलदाढ आणि सायनस यांचा काही संबंध असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. कळल्यावर मोबाईलवर शोधलं, तर एकीकडे "चहा नाकातून आला" छापाच्या भयकथा आणि दुसरीकडे दवाखान्यांच्या जाहिराती. मधलं कुणी लिहिलेलं सापडलं नाही. मी खेळाडूंच्या हजेरीवहीच्या मागच्या पानांवर तारखा आणि खर्च टिपून ठेवले होते, त्यावरून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे मला सांगितलं गेलं आणि माझ्यावर जे झालं तेवढंच इथे आहे.

१४ सप्टेंबरला, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे मदतनीस म्हणून काम करणारी मुलगी माझी जुनी खेळाडू निघाली. "बाई, तोंड मोठं उघडा" असं तिनं मला दरडावून सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडा सूड होताच. डाव्या वरच्या अक्कलदाढेला मागून कीड लागलेली होती, दाढ अर्धीच बाहेर आलेली आणि तिच्या हिरडीत अन्न अडकत होतं. उजवी वरची कललेली, गालाला घासणारी. त्यांनी तोंडात छोटी पट्टी ठेवून एक्सरे काढायचा प्रयत्न केला. पट्टी इतक्या मागे गेली की मला उमासे आले, आणि चित्रात दाढेची मुळं अर्धी कापली गेली. तपासणी आणि एक्सरे मिळून २५० रुपये. "ओपीजी काढून आणा, पूर्ण जबडा दिसेल," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

ओपीजी आमच्या गावात होत नाही. पुढच्या शनिवारी, २१ तारखेला, सांगलीला गेले. (महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. या सगळ्या प्रकरणात जेवढ्या फेऱ्या झाल्या त्या बघता हे लिहिलंच पाहिजे.) ५०० रुपये. कानातलं, केसांच्या पिना, मंगळसूत्र, सगळं काढायला लावतात, कारण गळ्यातली आणि कानातली धातू चित्रावर भुतासारखी उमटते. मंगळसूत्र ठेवायला तिथे एक स्टीलची वाटी होती आणि माझ्या आधीच्या बाईंचं त्यातच राहिलेलं होतं. त्या धावत परत आल्या. तुम्ही जाल तेव्हा घरूनच दागिने न घालता जा, किंवा रुमालात बांधून पर्समध्ये टाका. गरोदर आहात का हे विचारून सही घेतात. मग उभं राहून एका दांडीवर पुढचे दात रुतवायचे, हनुवटी टेकवायची, जीभ टाळ्याला लावायची, आणि यंत्र डोक्याभोवती फिरत जातं. पंधरा-वीस सेकंदांचा मामला. दुखत काहीच नाही.

२३ तारखेला संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी ते चित्र पडद्यावर लावलं. पहिल्यांदा मी चुकीच्याच दाढेकडे बघत होते. ओपीजीत आपली डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते, समोर माणूस उभा असावा तशी. दातांना नंबरही असतात. माझी डावी वरची अक्कलदाढ २८, पण ती "अठ्ठावीस" म्हणत नाहीत, "दोन-आठ" म्हणतात. उजवी "एक-आठ". एकदा हे कळलं की डॉक्टर आपसात काय बोलतात ते निम्मं समजायला लागतं.

डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं एक बारीक पांढरी रेघ दाखवली. वरच्या दाढांवरून लाटेसारखी जाणारी. "हा सायनसचा तळ. गालाच्या हाडात ही पोकळी असते, हवेनं भरलेली, नाकात उघडणारी." उजवीकडे रेघ आणि एक-आठची मुळं यांच्यात पांढरट हाड स्वच्छ दिसत होतं. डावीकडे दोन-आठची तिन्ही मुळं त्या रेघेच्या वर, काळ्या पोकळीत घुसलेली दिसत होती.

"उजवी मी काढतो. डावी मी इथे काढणार नाही, मिरजेला ओरल सर्जनकडे जा," ते म्हणाले. त्या क्षणी मला राग आला. एवढीशी दाढ, आणि हे हात झटकतायत असं वाटलं. आता वाटतं, त्यांनी माझ्यावर केलेला सगळ्यांत मोठा उपकार तोच.

५ ऑक्टोबर, मिरज. तपासणी फी ४००. सर्जननी ओपीजी बघायच्या आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. वारंवार सर्दी होते का? सकाळी शिंका येतात का? खाली वाकलं की गाल जड होतो का? मिश्री, तंबाखू? (मी नाही, सासूबाई.) खडूची धूळ आणि मैदानाची माती मिळून मला वर्षातले आठ महिने शिंका येतातच, हे मी आजार म्हणून कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी धोका काय तो सांगितला. सायनस आणि दाढेची मुळं यांच्यात हाडाची भिंत असते. कुणाची जाड, कुणाची कागदाएवढी, कुणाकुणाची जवळजवळ नाहीच, नुसतं सायनसच्या आतलं नाजूक अस्तर. दाढ निघताना ती भिंत किंवा अस्तर फाटलं तर तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडतं. भोक दोन मिलिमीटरपर्यंत असेल तर रक्ताची गाठ धरून बहुतेक वेळा आपोआप भरतं. पाचाच्या पुढे असेल तर गालाच्या आतली कातडी ओढून त्यावर शिवावी लागते. बंद झालं नाही तर तो मार्ग कायमचा होतो, प्यायलेलं पाणी नाकात येतं आणि सायनसला पू धरतो. दुसरा धोका, मूळ मोडून वर सायनसमध्ये सटकणं. तिसरा, दाढेमागचा हाडाचा उंचवटाच दाढेबरोबर निघून येणं.

"पण हे चित्रात दिसतंयच की, मुळं आत गेलीत," मी म्हटलं.

"दिसतंय, पण खरं असेलच असं नाही. तुम्ही काय शिकवता?"

"खो-खो."

"मग बाजूच्या रेषेवर उभं राहून खांबाकडे बघा. धावणारी मुलगी खांबाला चिकटली आहे की खांबाच्या पलीकडून चालली आहे, कळतं?"

नाही कळत. त्यासाठीच मी जागा बदलते. मागे जाऊन बघितलं की दोघांत दोन हात अंतर निघतं. ओपीजी म्हणजे बाजूच्या रेषेवरून बघणं. सगळा जबडा एका सपाट चित्रात दाबलेला. मूळ सायनसच्या आत असलं किंवा त्याच्या बाहेरून, गालाच्या नाहीतर टाळ्याच्या बाजूनं वर गेलेलं असलं, तरी चित्रात दोन्ही एकावर एकच दिसणार. उलट, ओपीजीतच मधे हाड स्वच्छ दिसत असेल, तर बहुधा ते असतंच. म्हणून उजवीला आणखी चित्र नको, आणि डावीला हवं.

त्यांनी सीबीसीटी सुचवला. कोन बीम सीटी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इटलीत दातांसाठी बाजारात आलेलं हे यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारून शेकडो चित्रं घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून त्रिमितीय ठोकळा बांधतो. तो ठोकळा मग कुठल्याही दिशेनं कापून बघता येतो. मी किरणोत्सर्गाचं विचारलं, कारण घरी तोच प्रश्न येणार होता. ते म्हणाले, ओपीजीचा डोस साधारण वीसेक मायक्रोसिव्हर्ट धरा, छोट्या भागाच्या सीबीसीटीचा त्याच्या काही पट. आपण नुसते जमिनीवर जगतो त्यात वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट घेतो. "कमी आहे, पण फुकट नाही. चित्र बघून माझा बेत बदलणार असेल तरच मी सांगतो. नाहीतर पैसे आणि किरणं दोन्ही वाया."

हा प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना विचारायला सांगते: या चित्रानं तुमचा बेत बदलणार आहे का, आणि कसा?

१२ ऑक्टोबरला दसरा, मग शाळेची घटक चाचणी. १९ ऑक्टोबरला सीबीसीटी झाला. सर्जननी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं: फक्त वरचा डावा मागचा भाग, छोटा फील्ड. तरी केंद्रावरच्या मुलानं दोन्ही जबड्यांचा फॉर्म भरून ३,५०० ची पावती करायला घेतली. मी चिठ्ठी पुढे सरकवली. त्यानं ती वाचली, आत विचारून आला, आणि १,८०० ची केली. रक्कम तर कमी झालीच, पण डोसही छोट्या भागाचाच घेतला गेला. चिठ्ठी हातातच धरून ठेवा, काउंटरवर देऊन विसरू नका.

इथेही तेच: दागिने काढा, हलू नका, आवंढा गिळू नका. फक्त ओपीजीपेक्षा हलायची भीती जास्त, कारण चित्र हललं तर पुन्हा काढावं लागतं. मी डोळे मिटून आकडे मोजत होते, अठरापर्यंत आले तेव्हा संपलं.

सोमवारी अहवाल मेलवर आला आणि एक सीडी हातात मिळाली. ही सीडी हा एक वेगळाच विनोद आहे. घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायला जागा नाही, मोबाईलचा प्रश्नच नाही. शेवटी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला जुना डबा उपयोगी पडला. मधल्या सुट्टीत मी, कॉम्प्युटरचे सर आणि नववीच्या दोन उत्साही मुली मिळून माझ्या कवटीच्या आत हिंडत होतो. तुम्ही केंद्रावरच पेनड्राइव्ह किंवा लिंक मागा. मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत.

२६ ऑक्टोबरला सर्जननी ती चित्रं उघडली आणि माऊसचं चाक फिरवायला लागले. कोथिंबीर वडीचा उंडा कापत जावा तसे काप सरकत गेले. आधी बाहेरच्या, गालाकडच्या दोन मुळांचे काप. त्यांच्यात आणि सायनसच्या काळ्या पोकळीत पांढरी रेघ होती. एका मुळावर जाड, दुसऱ्यावर बारीक, पण होती. म्हणजे ओपीजीत आत घुसलेली दिसणारी ही दोन मुळं नुसती आड आलेली होती.

मग टाळ्याकडचं तिसरं मूळ. चाक थांबलं. समोरून घेतलेल्या कापात सायनसच्या सपाट तळावर एक टेंगूळ होतं, चादरीखाली बोट उभं करावं तसं. ते बोट म्हणजे माझ्या दाढेचं मूळ. त्याच्या टोकावर पांढरी रेघ नव्हतीच. आणि चादर फुगलेली होती. निरोगी अस्तर इतकं पातळ की सहसा चित्रात दिसतही नाही, माझं तिथे चार मिलिमीटर झालेलं.

अहवालात इंग्रजीत लिहिलेलं मी मेलवर तीनदा वाचलं होतं. त्यातलं "हाड दिसत नाही" हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नव्हती. सर्जननी त्याचा अर्थ सांगितला. ठोकळ्याचा सगळ्यांत छोटा कण या चित्रात ०.२ मिलिमीटरचा आहे. हाडाचा पापुद्रा त्याहून पातळ असेल तर तो चित्रात विरून जातो. म्हणजे हाड नाहीच, किंवा असून दिसत नाही. दोन्ही शक्य. "हे चित्र भोक पडणार की नाही ते सांगत नाही. भोक पडण्याची तयारी करून बसायचं की नाही ते सांगतं."

त्यांच्या बाजूची तयारी त्यांनी तिथल्या तिथे सांगितली. दाढ सरळ ओढायची नाही. आधी वरचा भाग कापून मुळं सुटी करायची आणि टाळ्याकडचं मूळ शेवटी, वरच्या दिशेला जोर न देता. टोक मोडलंच तर त्याच्या मागे आंधळेपणानं हत्यार घालायचं नाही. भोक मोठं पडलं तर कातडी ओढून शिवायचं सामान आधीच मांडून ठेवायचं. सूज असलेल्या सायनसवर हे करायचं नाही. म्हणून त्यांनी मला त्याच दिवशी मिरजेतच नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फी ५००, नाकात मारायचा फवारा आणि गोळ्या ४३०. निदान: ॲलर्जी, आणि वरून दाढेच्या किडीचा त्रास. चार आठवडे रोज सकाळी फवारा. सकाळच्या शिंका दहा-बारा दिवसांत निम्म्यावर आल्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच हिवाळ्यात मी नाकानं श्वास घेतला असेल.

मधल्या वेळात त्या पोकळीबद्दल वाचलं. मोठ्या माणसात सरासरी १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. तिचं नाकात उघडणारं दार तळाशी नाही, वरच्या बाजूला असतं, म्हणून आत साठलेलं सहज बाहेर येत नाही. आणि तिचं छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. नेथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्यानं १६५१ साली या पोकळीचं वर्णन केलं. त्यात एका बाईची हकिकत आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सारखा पाझर यायचा. तिनं त्यात आधी चांदीची सळई आणि मग पिसाची काडी घातली. काडी जवळजवळ सगळी आत गेली, तेव्हा ती मेंदूपर्यंतच पोचली असं वाटून बाई हादरली. काडी अर्थातच पोकळीत वळून बसली होती. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ. म्हंजे डोळ्याच्या खालीच हाय की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीर नाही, पण शेजार खराच आहे.

उजवी दाढ गावातल्या डॉक्टरांनी ४ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काढली. १,२०० रुपये, औषधं २१०. पंधरा मिनिटं. चकल्या सोडून काही बिघडलं नाही. ओपीजीनं सांगितलं तसंच झालं.

डावीसाठी निवडणूक आडवी आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मला मतदान अधिकारी क्रमांक दोनची ड्युटी, शाई लावायची. दाढेचं कारण देऊन अर्ज करावा असं दोघांनी सुचवलं. पण दुखणं औषधानं थांबलेलं होतं, नाकाचा कोर्सही पुरा व्हायचा होता, मग कशाला. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावत बसले आणि डाव्या गालावर जीभ फिरवत राहिले. निकालानंतरचा शनिवार ठरला, ३० नोव्हेंबर. सोमवारसह दोन किरकोळ रजा टाकल्या. कारणाच्या रकान्यात "दाढ काढणे" लिहिलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "दोन दिवस?" मी सीबीसीटीचं चित्र मोबाईलवर दाखवलं. त्यांनी लगेच सही केली.

संमतीपत्र मराठीत होतं. वाचायला वेळ मागा, देतात. त्यात तीन ओळींवर सर्जननी स्वतः पेनानं खुणा केल्या होत्या: सायनसशी मार्ग तयार होणे, मूळ सायनसमध्ये सरकणे, पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागणे. मी एकच गोष्ट हातानं लिहून घेतली, ती म्हणजे कातडी शिवावी लागली तर जादा खर्च किती. त्यांनी ३,००० लिहिले. टेबलावर आडवं झाल्यावर पैशाचं बोलता येत नाही.

भूल दिल्यावर दुखत नाही, पण ऐकू येतं. दाढ कापतानाचा आवाज कवटीच्या आतून येतो, शेजारच्या घरी फरशी कापत असावेत तसा. पहिलं मूळ निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्याला वेळ लागला. मग ते थांबले, दिवा वळवला, आणि म्हणाले, "सावकाश नाकानं श्वास सोडा. जोर लावू नका." मी सोडला. मला काही जाणवलं नाही. पण त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला माझ्याच तोंडाचं इवलंसं प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्या लाल खोबणीत काहीतरी चमकून फुटलं. बुडबुडा.

"आहे," ते शांतपणे म्हणाले. "छोटं आहे, दोनेक मिलिमीटर." मूळ मात्र अख्खं निघालं होतं. नंतर ते मला कापसावर ठेवून दाखवलं, टोक किंचित आत वळलेलं. खोबणीत विरघळणारा स्पंज ठेवून वर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा टाका घातला. कातडी ओढायची वेळ आली नाही, ३,००० वाचले. सगळं मिळून पन्नास मिनिटं, ६,००० रुपये, औषधं ६४०.

मला भीती वाटली होती का? गंमत अशी की नाही. ऑक्टोबरात वाटली तेवढी नाही. बुडबुडा माझ्या ओळखीचा होता.

खरी कसोटी पुढचे पंधरा दिवस. नाक शिंकरायचं नाही, अजिबात. शिंक आली तर तोंड उघडून, दाबायची नाही. स्ट्रॉ नाही, चूळ जोरात फिरवायची नाही, पाणी नुसतं तोंडात घेऊन मान वाकवून सांडायचं. जड उचलायचं नाही, उशी उंच. विमानप्रवास नाही, जो मला तसाही नव्हता. नाक मोकळं ठेवायचे थेंब दिले ते पाचच दिवस, त्यापुढे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. आणि शिट्टी?

"शिट्टीला चार आठवडे. तुम्ही शिट्टी फुंकता तेव्हा गालात किती दाब येतो माहितीय?"

माहीत होतं. तेच तर माझं काम.

पहिल्या रात्री डाव्या नाकपुडीतून रक्ताचा एक थेंब उशीच्या अभ्र्यावर पडला. नवऱ्यानं रात्री साडेअकराला सर्जनना फोन लावला. एक-दोन थेंब येणार, सारखं वाहिलं किंवा ताप आला तर या, असं उत्तर मिळालं. तुम्ही हा प्रश्न दवाखान्यातून निघतानाच विचारून ठेवा, नवऱ्याची झोप वाचेल. तिसऱ्या दिवशी पहिली शिंक आली. ती येतेय हे कळल्यापासून येईपर्यंतचे तीन सेकंद मला आयुष्यातले सगळ्यांत लांब वाटले. भिंतीला हात टेकून, तोंड मगरीसारखं उघडून शिंकले. टाका जागेवर होता. चहा पिताना मात्र रोज थांबून बघायची, नाकात येतोय का. नाही आला.

मैदानावर मुलींनी हलगी आणली. एकीचे वडील वाजवतात. सुरुवातीला दोन ठोके, थांबायला एक, आणि "खो" चुकला की कडकड. आठवड्याभरात सगळ्या मैदानाला ती भाषा पाठ झाली.

७ डिसेंबरला टाके निघाले, १४ ला पुन्हा तपासणी, दोन्ही वेळा फी नाही. नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यातून काही मिळेल म्हणून सगळी बिलं, अहवाल, संमतीपत्राची प्रत जोडून १० तारखेला दावा टाकला. १९ ला दोन ओळींचा मेल आला: अपघात सोडून दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. पॉलिसीच्या बाराव्या पानावर ते आधीपासूनच होतं. एसटी सोडून माझा एकूण खर्च ११,९३० रुपये झाला. इतका झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे फी पुष्कळ कमी असते, फक्त रांगेसाठी अख्खा दिवस हाताशी ठेवून जा.

२८ डिसेंबरला शेवटची तपासणी. हिरडी भरली होती, बुडबुडा नाही, वाकलं तरी गाल जड नाही. शिट्टीला परवानगी मिळाली. पुन्हा सीबीसीटी काढायचा का विचारलं, तर सर्जन हसले. "बेत काय बदलणार आहे?"

घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत वाकळ शिवत बसल्या होत्या. मी झालं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

"हं. ओव बघू."

ओवली. दुसऱ्या प्रयत्नात, चष्मा लावून.